रेकनर रेडी आहे, रेकनिंगचं काय?

महाराष्ट्रात ज्यानं घर घेतलं, विकलं किंवा भावाभावांत वाटून घेतलं, त्याला 'रेडी रेकनर' माहीत असतो. सरकारी कागदांत त्याचं नाव 'वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते' असं भारदस्त आहे. पण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ते नाव क्वचितच कानावर पडतं. 'रेकनरनं किती बसतंय?' एवढंच विचारलं जातं. पुढच्या संवादातले मामा नगररचना खात्याच्या मूल्यांकन शाखेतून निवृत्त झालेले आहेत. भाची कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि पुण्यात एका जुन्या सोसायटीतला फ्लॅट घेण्याच्या खटपटीत आहे. दोघंही कल्पित. वाद मात्र खरा आहे, आणि त्यात मधूनमधून तोंड घालण्याचा मोह मला आवरलेला नाही.

भाची : मामा, बावन्न लाखांना सौदा ठरला. टोकन देऊन आले. आता एजंट म्हणतो, रेकनरनं साठ बसतात, स्टॅम्प ड्युटी साठावर लागणार.

मामा : बरोबर सांगतोय. करारातली किंमत आणि तक्त्यातलं मूल्य, यांतलं जे जास्त असेल त्यावर मुद्रांक शुल्क. पुणे शहरात सात टक्के धर. वरच्या आठ लाखांचे छप्पन्न हजार जास्तीचे. घर फक्त तुझ्या एकटीच्या नावावर घेतलंस तर बाईमाणूस म्हणून एक टक्का सवलत आहे, म्हणजे अठ्ठेचाळीस.

भाची : पण हे आठ लाख आहेत कुठे? मी ते देणार नाही, मालक ते घेणार नाही. कॅश पार्ट वगैरे भानगड नाही, सगळा व्यवहार चेकनं.

मामा : थांब, अजून आयकर राहिला. तफावत दहा टक्क्यांच्या आत असती तर त्या खात्यानं सोडून दिलं असतं. तुझी पंधराच्या वर जाते. म्हणजे मालकानं साठ लाख मिळाले असं धरून भांडवली नफा काढायचा. आणि तुला आठ लाखांचं उत्पन्न झालं असं धरून तूही कर भरायचा.

भाची : न दिलेल्या, न घेतलेल्या पैशांवर दोघांनी?

मामा : दोघांनी.

(विक्रेत्याबाबतची ही तरतूद १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५०सी म्हणून आली. टेबलाखालून घेतलेली रोकड लपवता येऊ नये, हा तिचा हेतू योग्यच होता. पण ज्यानं एक रुपयाही रोख घेतला नाही त्यालाही आपण घेतला नाही हे सिद्ध करत बसावं लागतं.)

भाची : तुमच्या त्या शब्दातच सगळा घोळ आहे. इंग्रजीत 'रेकन'चे दोन अर्थ एका घरात नांदतात. एक मोजणं, हिशेब करणं. दुसरा, सगळं पाहून मनाशी काही ठरवणं. ऑस्ट्रेलियातला शेतकरी 'आय रेकन, पाऊस येईल' म्हणतो तेव्हा त्यानं काही मोजलेलं नसतं, आभाळाकडे पाहिलेलं असतं. तुम्ही लोकांनी पहिला अर्थ ठेवला आणि दुसरा कचेरीबाहेर काढला.

मामा : मुद्दाम काढला. 'आय रेकन' म्हणणारा साहेब त्या खुर्चीत नकोच होता.

भाची : का बरं?

मामा : कारण तो काय 'रेकन' करेल, हे पुष्कळदा त्याच्या ड्रॉवरवर अवलंबून असायचं. तक्ता नसला की प्रत्येक दस्त म्हणजे वाटाघाट. एकाच गल्लीतले दोन गाळे, एकाच महिन्यात नोंदलेले, आणि मूल्य वेगळं. वकील ओळखीचा असेल तर एक, नसेल तर दुसरं. तक्ता आला आणि खेड्यातून आलेल्या म्हातारीलाही म्हणता यायला लागलं, 'साहेब, माझ्या गटाचा दर काय लिहिलाय ते दाखवा.' आता तर 'ई-एएसआर' म्हणून सगळं संकेतस्थळावर आहे. जिल्हा, तालुका, गाव निवड, चौरस मीटरचा दर समोर.

भाची : म्हणजे लाच खाता येऊ नये म्हणून निर्णयच काढून टाकला.

मामा : काढून कुठं टाकला? तो आधीच, एकदाच, सगळ्यांसाठी घेतला आणि छापला. 'रेडी' म्हणतात ते यालाच.

भाची : तो 'रेडी' तुमच्या खात्याचा नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये डॅनियल फेनिंगचं याच नावाचं पुस्तक निघालं. त्यात कोष्टकं होती : एका नगाला इतके पेन्स, तर इतक्या नगांचे किती. दुकानदाराला गुणाकार नाही आला तरी अडू नये म्हणून. आपल्याकडची पावकी, निमकी, दिडकी त्याच जातीची. पण त्या पुस्तकानं मालाचा भाव कधी ठरवला नाही. भाव दुकानदारानं सांगायचा, पुस्तकानं फक्त गुणून द्यायचं. तुमचा रेकनर भावच सांगतो! नाव गुणाकाराचं आणि काम न्यायाधीशाचं.

(मामा इथे चहाचा कप उचलतात आणि वेळ काढतात. माझ्या मते भाचीनं इथे नेमकं बोट ठेवलंय. पाढ्यात सात आठे छप्पन्न असतात आणि ते बदलायला कुणा सचिवाची सही लागत नाही. दराच्या तक्त्याला ती लागते.)

मामा : भाव आम्ही हवेतून काढत नाही. वर्षभरात नोंदलेले व्यवहार बघतो, गावोगाव चौकशी होते, विकास आराखडा, रस्ता, जमिनीचा वापर, सगळं बघून मूल्यविभाग पडतात. शेतीला जिरायत वेगळी, बागायत वेगळी, सारा-आकारणीचे गट वेगळे. लिफ्टच्या उंच इमारतीत पाचव्या मजल्यापासून दर चढतो : पाच ते दहा मजल्यांना पाच टक्के, अकरा ते वीसला दहा, एकतिसाव्यापासून पुढे वीस. इमारत जुनी असेल तर घसारा मिळतो. आणखी किती विचार करायचा?

भाची : माझ्या फ्लॅटच्या मागे नाला आहे. पावसाळ्यात खिडकी उघडता येत नाही. तक्त्यात नाला आहे?

मामा : नाही.

भाची : सोसायटीचा पुनर्विकास दोन बिल्डरांच्या भांडणात अडकलाय, दावा कोर्टात आहे. तो आहे?

मामा : नाही. पण मराठीत तरी आपण मोजणं आणि ठरवणं वेगळं कुठं ठेवतो? 'माझ्या हिशेबानं गाडी आता लोणावळ्याला असेल' म्हणतो, तेव्हा कुठला हिशेब मांडलेला असतो?

भाची : तेच म्हणतेय मी. 'तो कुणाला मोजत नाही.' 'आम्ही तुमच्या खिजगणतीत नाही.' 'मला तुच्छ लेखतो.' लेखणं, लेखा आणि लेखापाल एकाच घरचे. माणसाची पत ठरवायला आपण वहीतलीच क्रियापदं घेतली. 'रेकन'ची चाल तीच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ एकेक गोष्ट सांगत जाणं. जर्मनमध्ये त्याचं भावंड 'रेख्नुंग', म्हणजे हॉटेलचं बिल. इंग्रजीतही 'रेकनिंग' म्हणजे खानावळीचं बिल होतं. नाटककार ख्रिस्तोफर मार्लो त्यातच मेला.

मामा : बिलात?

भाची : ३० मे १५९३. लंडनजवळ डेप्टफर्डला एका घरात चौघं दिवसभर बसले, जेवले. चौकशीच्या कागदात लिहिलंय, बिलावरून, म्हणजे 'रेकनिंग'वरून भांडण झालं आणि इंग्रॅम फ्रायझरनं मार्लोच्या डोळ्यावर सुरा मारला. तो कागद १९२५ मध्ये लेस्ली हॉटसननं उजेडात आणला. बिल हे निमित्त, खरं कारण गुप्तहेरगिरीचं, असं मानणारे पुष्कळ आहेत. फ्रायझरला महिन्याभरात माफी मिळाली.

मामा : म्हणजे बिलाचा तक्ता असता तर बिचारा वाचला असता.

भाची : तुम्हाला सगळीकडे तक्ताच दिसतो! पुढचं ऐका. बायबलवाल्यांचा कयामतीचा दिवस, त्यालाही इंग्रजीत 'डे ऑफ रेकनिंग' म्हणतात. तिथं हिशेब आणि निवाडा एकाच दिवशी होतात. आपल्याकडे बघा, खाती वेगळी ठेवली. वही चित्रगुप्ताची, निकाल यमाचा. तुम्ही चित्रगुप्तालाच यमाच्या खुर्चीत बसवलंत.

मामा : चित्रगुप्ताची वही खोटी असल्याची तक्रार कधी ऐकलीस? आमच्या यमांबद्दलच्या तक्रारींच्या फायली मात्र कपाटात मावत नव्हत्या.

भाची : तुमच्या वहीला साध्या माणसाचा नुसता अंदाज कधी कधी सरस ठरतो. 'हकलबेरी फिन' वाचलंय ना? १८८४ सालचं. त्यातला हक वाक्यावाक्याला 'आय रेकन' म्हणतो, गावंढळ पोराची भाषा. त्याच्याबरोबर पळालेला गुलाम जिम, त्याचा बाजारभाव कादंबरीत स्पष्ट आहे : आठशे डॉलर. कायदा, चर्च, शेजारीपाजारी, सगळ्यांच्या वहीत तो आठशे डॉलरचा माल. आणि जेमतेम शिकलेलं पोरगं मनाशी ठरवतं की ह्याला मालकिणीकडे परत धाडणार नाही, नरकात जावं लागलं तरी बेहत्तर. तक्ता चोख होता, मामा. बाजारभाव बिनचूक होता.

मामा : माणूस विकावा की नाही हे तक्त्याला कुणी विचारलं होतं का? आमचा तक्ता एवढंच सांगतो, विकायचं ठरलंच असेल तर सरकारचा वाटा किती. त्याच्यावर जगाचा न्याय कशाला लादतेस?

(ही फेरी मी मामांना देतो. हक फिनचं उदाहरण वर्गात टाळ्या घेईल, स्टॅम्प ड्युटीवर ते लागू पडत नाही.)

भाची : बरं, जमिनीवर येते. नाही, समुद्रावर. 'डेड रेकनिंग' ऐकलंय? 'डिड्यूस्ड'चं आखूड रूप म्हणून 'डेड' असं सांगतात, ती थाप आहे. जहाजाला किनारा दिसत नाही, तारे दिसत नाहीत. मग खलाशी दोरीला गाठी बांधून लाकडी फळी पाण्यात सोडायचे, वाळूचं घड्याळ उलटं करायचे आणि किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचे. तिथूनच जहाजाच्या वेगाला 'नॉट' म्हणतात. वेग, दिशा, वेळ यांवरून नकाशावर खूण करायची : आपण इथं असू. कोलंबसही असाच वेग, दिशा, वेळ यांच्या अंदाजानं गेला.

मामा : म्हणजे गणित.

भाची : अर्धं. पाण्याची ओढ किती, वारा जहाजाला बाजूला किती ढकलतोय, हे कप्तानानं 'रेकन' करायचं. आणि मुख्य म्हणजे चूक साचत जाते. आजची खूण कालच्या खुणेवरून काढलेली, उद्याची आजच्या. मधे किनारा किंवा तारा दिसून खूण दुरुस्त केली नाही, तर कागदावर जहाज एकीकडे आणि खरं जहाज दुसरीकडे. १७०७ मध्ये ब्रिटिश आरमाराची चार जहाजं सिली बेटांच्या खडकांवर फुटली, हजाराहून जास्त खलाशी बुडाले. त्यानंतर सात वर्षांनी रेखांश शोधणाऱ्याला बक्षीस देण्याचा कायदा झाला. आता सांगा, तुमच्या तक्त्याची खूण दुरुस्त कधी होते?

मामा : दर वर्षी. पूर्वी १ जानेवारीला, २०१६ पासून १ एप्रिलला.

भाची : खरंच दर वर्षी?

मामा : आता तू उलटतपासणी करतेस. २०१८, २०१९ ला दर जसेच्या तसे ठेवले. २०२० ला करोनामुळे सप्टेंबरात बदलले. २०२३ आणि २०२४ पुन्हा जसेच्या तसे. मग एप्रिल २०२५ ला वाढले. दर वाढवले की बिल्डर ओरडतात, घर घेणारे ओरडतात. निवडणुकीच्या वर्षी कोण वाढवेल?

भाची : आणि कमी करायला कोण तयार होतं? पाच वर्षांत नाल्याचा वास वाढला म्हणून माझ्या गल्लीचा दर उतरला का?

मामा : उतरतो कधी कधी. फार नाही उतरत.

भाची : शिवाय तुम्ही म्हणालात, नोंदलेल्या व्यवहारांवरून दर काढतो. पण लोक दस्तात किंमत रेकनरएवढीच लिहितात, वरचे रोख घेतात. ते दस्त तुम्ही पुढच्या वर्षी पुरावा म्हणून वाचता. म्हणजे तक्ता स्वतःचंच प्रतिबिंब मोजतो.

मामा : (बराच वेळ गप्प राहून) हे खरं आहे. हे खात्यात सगळ्यांना माहीत आहे. बरं, तू समुद्रावर गेलीस, मी कोकणात जातो. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. १५२० मध्ये त्यांनी 'ग्रहलाघव' लिहिलं. ग्रह कुठे आहे हे काढायचं तर ज्या, कोज्या यांची किचकट मोजणी लागायची, ती त्यांनी सगळी टाळली. साध्या गुणाकार-भागाकारावर पंचांग उभं केलं. त्याला म्हणतात रेडी रेकनर! त्यावर कैक पिढ्यांनी पंचांगं केली. तुला कप्तान लागतो. गावच्या जोशाला ग्रहलाघव पुरलं.

भाची : आणि पुढे काय झालं?

मामा : काय झालं?

भाची : पंचांगातलं गणित आणि आभाळातला ग्रह यांत अंतर पडत गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्यंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक यांना म्हणावं लागलं की आकाशाकडे बघून पंचांग सुधारा. दृक्प्रत्यय हाच तर त्यांचा आग्रह. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांचा गणपती काही वर्षी महिनाभर आधी बसतो. गणेश दैवज्ञांचा दोष नाही. कोष्टक कितीही उत्तम असलं तरी अधूनमधून मान वर करावी लागते.

मामा : मान वर करायला माझी हरकत नाही. कुणाची मान, एवढंच विचारतो. बरं, एक उलटं चित्र दाखवू? तुझ्यासारखाच एक खरेदीदार. शहरात फ्लॅट घेताना म्हणतो रेकनर फार चढा आहे. त्याच माणसाची गावाकडची जमीन महामार्गात जाते, तेव्हा तोच मोर्चात असतो : रेकनर फार कमी आहे!

भाची : साहजिक आहे.

मामा : आहे ना साहजिक? १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आंध्रातल्या एका खटल्यात, जवाजी नागनाथम यांच्या, सांगितलं की मुद्रांकासाठी केलेली मूल्याची नोंदवही भूसंपादनाच्या मोबदल्याला आधार होऊ शकत नाही. मग २०१३ चा भूसंपादन कायदा आला. त्यात मुद्रांकासाठी ठरलेला दर आणि आसपासच्या तीन वर्षांतल्या चढ्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यांतलं जे जास्त ते धरायचं. म्हणजे तक्ता शेतकऱ्याच्या पायाखालची फरशी झाला, त्याच्याखाली मोबदला जात नाही. ज्या गावात लोकांनी शुल्क वाचवायला वर्षानुवर्षं दस्तात कमी किमती लिहिल्या, तिथं रस्ता आल्यावर सरासरीही कमीच निघाली. तेव्हा तक्त्यानं त्यांना सावरलं. तुझा 'आय रेकन' म्हणणारा अधिकारी त्यांच्या बांधावर उभा असता तर?

भाची : तर त्यानं सरकारच्या बाजूनं रेकन केलं असतं. मान्य. मग माझ्यासारखीनं काय करायचं? नाला मोजायला जागाच नाही?

मामा : आहे. मुद्रांक अधिनियमाचं कलम ३१, अभिनिर्णय. दस्त सही होण्याआधीसुद्धा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे नेता येतो आणि विचारता येतं की याला शुल्क किती. तिथं तू कोर्टाचा दावा, नाला, फोटो, नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल सगळं ठेवू शकतेस. गुंतागुंतीच्या प्रकरणात माणसानं डोकं चालवावं म्हणूनच ते कलम आहे. आयकरातही मूल्य मान्य नसेल तर मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवा असं म्हणता येतं.

भाची : आणि किती जणांना तक्त्याखालचं मूल्य मिळतं?

मामा : माझ्या पाहण्यात क्वचित. अधिकारी घाबरतो. कमी लावलं की लेखापरीक्षणात आक्षेप, मग चौकशी. तक्त्याएवढं लावलं की कुणी काही विचारत नाही.

भाची : पाहिलंत? तक्त्यानं लाचखाऊला बांधलं, ते चांगलं झालं. पण प्रामाणिक माणसालाही बांधलं. त्याला दिसतंय की घर बावन्नचं आहे, आणि तो साठ लिहितो, कारण साठ लिहिण्यात धोका नाही.

मामा : हो. पण तू म्हणतेस तसा तक्ता उडवला, तर उद्या तुझं घर बावन्नचं आहे हे पटवायला तुला काय काय न्यावं लागेल, त्याचाही विचार कर. फक्त फोटो पुरणार नाहीत.

(दोघांचं इथे थांबलं. तडजोड झाली नाही. भाचीनं फ्लॅट घ्यायचा की नाही हेही ठरलं नाही. आता माझं सांगतो. तक्ता राहायला हवा, या बाबतीत मी मामांच्या बाजूचा आहे. साहेबाच्या मर्जीचे दिवस परत आणण्याइतका आपला प्रशासनावर विश्वास बसलेला नाही. पण तक्त्याला गणिताचं सोवळं नेसवणं बंद करावं. तो आधी घेतलेला निर्णय आहे आणि निर्णयाची कारणं मागण्याचा लोकांना हक्क आहे. कोणत्या व्यवहारांवरून कोणत्या विभागाचा दर निघाला, हे दराच्या शेजारीच छापावं. दुरुस्तीची तारीख निवडणुकीवर सोडू नये. आणि अभिनिर्णयात तक्त्याखाली जाणाऱ्या अधिकाऱ्यानं कारणं नीट लिहिली असतील, तर निव्वळ तेवढ्यावरून त्याच्यावर आक्षेप काढू नये. यांपैकी शेवटची सुधारणा सर्वांत स्वस्त आहे आणि मला वाटतं, सर्वांत उशिरा होईल.)

तोवर वाचकांनी एवढं करावं. टोकन देण्याआधी ई-एएसआरवर आपल्या विभागाचा दर बघावा, बाजूच्या विभागाचाही बघावा. त्या दरानं निघणारं मूल्य ठरलेल्या किमतीहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर किंमत कमी का याचे कागद आत्ताच गोळा करावेत. आणि दस्तावर सही करण्याआधी अभिनिर्णयाचा अर्ज द्यावा. नोंदणी झाल्यावर ही वाट फार अवघड होते.